न फोडलेली कुपी

मी एक कुपी बोलतेय. करंगळीएवढी, प्लास्टिकची, तपकिरी टोपीची. माझ्या पोटात काचेची आणखी एक नळी आहे, तिच्यात जांभळं पाणी. तळाशी कागदाचा एक कपटा, आणि त्यावर जंतूंची बी पेरलेली. जंतू म्हटल्यावर लगेच हात मागे घेऊ नका. आमचे जंतू माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्यांची ख्याती वेगळीच आहे: मरायला महाकठीण. पाण्यात उकळा, कोरडे ठेवा, उपाशी मारा, ते आपले ढिम्म. म्हणून तर दवाखान्यानं आम्हाला कामावर ठेवलं.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तोंड झाकलेल्या बायका आम्हाला भरायच्या, टोपी लावायच्या आणि खोक्यात उभं करायच्या. एका खोक्यातल्या आम्ही सगळ्या सख्ख्या बहिणी. रंग एक, पाणी एक, बी एक. नशीब मात्र दोन तऱ्हेचं, आणि ते खोकं उघडल्यावरच कळतं.

ते कसं, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करतात. वाफेनं काम केलं की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून आमच्यातली एक बहीण हत्यारांच्या गाठोड्यात, अगदी पोटात ठेवतात, जिथं वाफ सगळ्यात शेवटी पोचते. दुसरी बहीण बाहेर बसून राहते. मग दोघींच्या आतली काच फोडतात, जांभळं पाणी बीवर सांडतं, आणि दोघींना उबेच्या पेटीत शेजारी शेजारी उभं करतात. बी जिवंत असेल तर उबेत जागी होते, पाणी पिते, आणि कुपी पिवळी पडते. मेली असेल तर कुपी जांभळीच राहते.

म्हणजे वाफेतल्या बहिणीनं मरायचं आणि बाहेरच्या बहिणीनं जगायचं. मी बाहेरची.

तुम्ही म्हणाल, बसून खाणारी दिसतेय. अहो, माझं काम तिच्याहून अवघड नसेल, पण माझ्यावाचून तिचं मरण कुणी खरं मानू नये. मी पिवळी झाले तर पेटी गरम आहे, बी सकस आहे, पाणी चांगलं आहे, हे सिद्ध होतं. मग ती जांभळी राहिली याचा अर्थ ती खरंच मेली. मीच पिवळी झाले नाही, तर तिचं जांभळं राहणं कवडीमोल. ती मेली असेल, नाहीतर नुसती गारठून झोपली असेल. कुणी सांगावं?

आमची खोली दवाखान्याच्या तळघरात होती. वर एक अरुंद खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. एका भिंतीला वाफेचं मशीन, समोर कापडं घडी करायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात आमची उबेची पेटी. पेटीवर एक हिरवा दिवा. खोलीचा कारभार दोघांकडे. एक सिस्टर, म्हणजे खोलीच्या इन्चार्ज, बोलायला फटकळ आणि मनानं लोण्याहून मऊ. दुसरा मशीन चालवणारा. त्याला अख्खा दवाखाना वाफोबा म्हणायचा. मिशा वाफेनं कायम ओल्या, म्हणून हे नाव. त्यालाही ते आवडायचं.

वाफोबाच्या दोन गोष्टी माझ्या फार लवकर लक्षात आल्या. एक, त्याचं गाठोडं बांधणं. कापड असं चोपून घडी घालायचा आणि गाठ अशी मारायचा की बघत राहावं. नव्या नर्सा विचारायच्या, "वाफोबा, कुठं शिकलात हो?" तो म्हणायचा, "आमच्या ताईकडं. शिवणकाम करते ती. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. तिच्या मशीनखाली बसून गाठोडी बांधत मोठा झालो."

दुसरी गोष्ट, त्याला पिवळ्या रंगाची धास्ती होती. तशी ती सगळ्या खोलीलाच होती. गाठोड्यातली कुपी पिवळी म्हणजे अख्खा माल परत, चौकशी, वरच्या साहेबांची बोलणी. एकदा सिस्टर पिवळी साडी नेसून आल्या तर वाफोबा म्हणाला, "सिस्टर, आज मशीनजवळ येऊ नका, ते घाबरेल." सगळे हसले. पण बाहेरची कुपी, जी पिवळी व्हायलाच हवी, तिलाही तो तोंड फिरवून उचलायचा आणि पटकन टाकायचा. बिचाऱ्या माझ्या बहिणी आपलं काम चोख करायच्या आणि वर असा पाहुणचार. मला तेव्हाच वाटलं होतं, हे लक्षण काही ठीक नाही.

आणखी एक सवय सांगते, ती पुढं लागेल. सकाळी आल्या आल्या वाफोबा पेटीवर पालथे हात ठेवून शेकायचा. तळघर गार असायचं आणि पेटीची ऊब बरी वाटायची. "काय म्हणतेस गं चूल?" असं पेटीलाच विचारायचा.

मग ताई पडली.

स्वतःच्याच घरात, कापडाचा गठ्ठा उतरवताना स्टुलावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वाफोबानं तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल. धातूचा नवा सांधा घालायचा म्हणजे हत्यारं अगदी निर्धोक हवीत. त्या धातूला जंतू चिकटले तर अंगातून काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून अशा ऑपरेशनचा माल आमचा निकाल येईपर्यंत वर पाठवायचा नाही, असा नियम होता. चांगला नियम आहे. नियम चांगलेच असतात हो, पाळणारी माणसं प्रेमळ निघाली की घोटाळा होतो.

सिस्टर म्हणाल्या, "वाफोबा, तुम्ही आज सुट्टी घ्या. मी लावते माल."

"छे हो सिस्टर," तो म्हणाला, "ताईचं सामान दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं? मग मी इथं इतकी वर्षं केलं काय?"

आणि त्यानं ताईचं गाठोडं बांधलं. मी टेबलावर बसून बघत होते. नेहमी दोन कापडं गुंडाळायची, त्यानं तिसरं घेतलं. म्हणे धूळ नको लागायला. नेहमी हत्यारं दोन गाठोड्यांत विभागायची, त्यानं सगळी एकात बसवली, म्हणे ताईचं ताईजवळ राहू दे. मग दाबून, चोपून गाठ मारली. माझ्या जुळ्या बहिणीला त्यानं मधोमध निजवलं होतं. मूल थंडीत बाहेर काढताना गुंडाळावं तसं त्यानं ते गाठोडं गुंडाळलं. मायाच होती ती, दुसरं काय. पण वाफेला आत शिरायला फट लागते, आणि मायेनं एकही फट ठेवली नव्हती.

मशीन सुरू झालं, घरघरलं, थांबलं. गाठोड्यावरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्या झाल्या. त्या पट्टीला बाहेरचं कळतं, आतलं नाही. वाफोबा खूश झाला. त्यानं गाठोडं सोडून निर्जंतुक चिमट्यानं माझ्या बहिणीला बाहेर काढलं, हत्यारांना हात न लावता गाठोडं पुन्हा तसंच बांधलं आणि बहिणीला माझ्याशेजारी ठेवलं.

आता जे सांगते ते माणसांना ऐकू येत नाही. वाफेतून आलेल्या बहिणी बोलत नाहीत. आजवर जितक्या आल्या तितक्या गप्प. शेजारी येऊन बसायच्या आणि आपण कितीही हाका मारा, हूं नाही की चूं नाही. सवय झाली होती मला त्या शांततेची. आणि ही आली आणि हळूच म्हणाली, "अगं, मला नीट लागलंच नाही."

माझ्या काचेवर काटा आला.

वाफोबानं तिला चिमट्यात धरून दाबलं. कट्. तिची काच फुटली. मग मला घेतलं. अंगठा माझ्या मानेवर ठेवला. आणि थांबला.

"आज नको गं बाई," तो मला म्हणाला. "आज पिवळं काही डोळ्यापुढं नको. ताईचा दिवस आहे."

आणि त्यानं मला तशीच, न फोडता, पेटीत उभी केली. जाता जाता सवयीनं पेटीवर हात ठेवले. पण आत्ताच तो मशीनचं तापलेलं दार उघडून आला होता. भट्टीतून आलेल्या हाताला सगळंच गार लागतं. हिरवा दिवा लागलेला होता. तो बघून निघून गेला.

दिवा लागलेला होता, पेटी मात्र गार होती. तिच्या पोटातली तार कधी जळली देव जाणे. मी आत उभी राहून ऊब यायची वाट बघत होते. बहीण म्हणत राहिली, "भूक लागलीय, पण फार थंडी आहे गं. जाग येत नाही." बोलता बोलता ती झोपी गेली. दिवस गेला, रात्र गेली, आणि दोघी जांभळ्याच्या जांभळ्या. पेटी गार आहे हे ओळखायला दुनियेत एकच साक्षीदार नेमलेला होता, आणि तो मी. मला फोडलं असतं तर मीही जांभळी राहिले असते, आणि सगळ्यांनी विचारलं असतं, ही का नाही पिवळी झाली? न फोडलेल्या कुपीला कोण विचारणार?

तशी एकीनं विचारलं. सिस्टर आल्या, पेटीत डोकावल्या आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "ही बाहेरची जांभळी कशी?"

"फोडली नाही, सिस्टर." वाफोबा खाली बघत म्हणाला. "ताईचं आहे ना. नकोसं वाटलं."

सिस्टरनी त्याच्याकडं बघितलं. रात्रभर जागलेले डोळे, चुरगळलेला शर्ट. त्यांच्या तोंडाशी शब्द आला होता, मी बघितला. पण त्यांनी तो गिळला. "बरं," त्या म्हणाल्या. "आतली जांभळी आहे ना, मग झालं. पुन्हा असं करू नका हं."

त्या दिवशी फटकळ सिस्टर फटकळ राहिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

गाठोडं वर गेलं. बहिणीला डब्यात ठेवलं, कारण सांध्याच्या ऑपरेशनच्या कुप्या काही दिवस जपून ठेवायच्या असतात. मला मात्र वाफोबानं खिशात घातलं. ऑपरेशन झालं, ताई शुद्धीवर आली, तेव्हा त्यानं मला तिच्या हातात दिलं.

"हे बघ, ताई. ही जांभळी राहिली म्हणजे तुझं सगळं सामान स्वच्छ."

ताईनं मला उजेडात धरून बघितलं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईची नजर ती, बारीक. "रंग छान आहे," ती म्हणाली. "या रंगाचा ब्लाउजपीस मिळाला तर आण मला." आणि तिनं मला पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलं.

मी तिथं बसून तिची बडबड ऐकायची. ती नर्सांना घड्या शिकवायची, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची फिरकी घ्यायची, भावाला जेवलास का म्हणून दहादा विचारायची. इतकी चांगली बाई, आणि मी तिच्या उशाशी शुभशकुन म्हणून बसलेली. मला स्वतःची शिसारी यायची. मी शकुन नव्हते हो. मी एक साक्षीदार होते, तोंड शिवलेली.

काही दिवस बरे गेले. सकाळी वाफोबा आधी ताईकडं यायचा, त्यात पेटीवर हात शेकणं राहून जायचं, आणि त्या दिवसांत पेटीत दुसरी कुपीही लावावी लागली नाही. मग एका दुपारी ताई गप्प झाली. जेवण परत गेलं. पाय दुखतोय म्हणाली, आणि दुखण्याबद्दल ती सहसा बोलायची नाही. वाफोबा कामावरून वर आला, खाटेच्या कडेला बसला आणि तिच्या कपाळावर पालथा हात ठेवला.

"ताई, अंग ऊन लागतंय गं."

हात तसाच कपाळावर राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी काळजी होती, मग कपाळावर एक बारीक आठी आली, आणि मग चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तळहाताला जे आठवतं ते डोक्याला उशिरा आठवतं. त्या दिवशी पेटीवर ठेवलेला हात त्याला आठवला होता.

"काय रे, काय झालं?" ताईनं विचारलं.

"आलो," तो म्हणाला. त्यानं मला तांब्याशेजारून उचललं आणि जिना उतरताना दोनदा अडखळला.

खाली सिस्टर होत्या. त्यानं दोन्ही हात पेटीवर ठेवले. मग सिस्टरचा हात धरून पेटीवर ठेवला. हिरवा दिवा मजेत जळत होता.

"गार आहे," सिस्टर म्हणाल्या.

पुढचं त्यानं कुणाला विचारून केलं नाही. डॉक्टरांच्या दाराशी गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: तिसरं कापड, घट्ट गाठ, गार पेटी, आणि मला फोडलं नाही तेही. डॉक्टरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं वाटण्याइतका तो खाली गेला. "आत्ता सांगितलंत म्हणून आज औषध सुरू करता येईल," ते म्हणाले. "पण खात्री हवी. ती कुपी आहे का अजून?"

प्रयोगशाळेतून चांगली गरम पेटी आणली. डब्यातून बहिणीला काढलं. वाफोबानं मला चिमट्यात धरलं. या वेळी अंगठा थांबला नाही.

कट्.

किती दिवस तुंबलेलं पाणी बीवर सांडलं. ऊब खालून चढत आली. भूक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या सकाळपर्यंत मी तळापासून पिवळी झाले होते, लख्ख, उजळ. आणि शेजारून बहिणीचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा. "सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली. तीही पिवळी होती.

सिस्टरनी आम्हाला दोघींना हातावर घेतलं आणि रडल्या. वाफोबा रडला नाही. तो वर गेला. मला घेऊन गेला म्हणून मला पुढचं माहीत आहे.

ताई तापानं लाल झाली होती. त्यानं मला तिच्यापुढं धरलं. "ताई, ही पिवळी झाली. आतलीही झाली. तुझं सामान स्वच्छ नव्हतं. माझ्या हातनं झालं हे."

ताईनं मला हातात घेऊन उजेडात धरलं. मग म्हणाली, "गाठ घट्ट मारलीस ना?"

"हो."

"मीच शिकवलेली." आणि लगेच, "कापड बघून गाठ मारावी, हेही शिकवलं होतं. ते बरा विसरलास." आणि तिनं त्याचा हात धरून ठेवला. तिचा हात किती गरम होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

डॉक्टरांनी ठरवलंय, जखम पुन्हा उघडून धुवायची. सांधा वाचला तर वाचला, नाहीतर तोही काढायचा. ताई वाचली पाहिजे. औषधाच्या जोरावर एक दिवस रेटता येईल, त्याहून जास्त नाही, असं ते म्हणाले. म्हणून आज नवा माल लागला. वाफोबा म्हणाला, "मी बांधत नाही." सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीच बांधा. मी शेजारी उभी राहते, आणि आज मी गप्प बसणार नाही." त्यानं बांधलं. दोन गाठोडी, दोनच कापडं, आणि गाठ अशी की बोट आत जावं. मग मशीन लावण्याआधीच बाहेरची नवी कुपी घेतली आणि सगळ्यांत पहिल्यांदा तिला फोडलं.

मी आता टेबलावरच्या कचऱ्याच्या ट्रेमध्ये आहे, बहिणीशेजारी. पिवळ्या झालेल्या कुप्या टाकण्याआधी वाफेत घालतात. आमची पाळी पुढच्या फेरीत. मला त्याचं दुःख नाही, माझं काम उशिरा का होईना झालं. जाता जाता एकच मागते. तुम्ही जिथं कुठं काम करता तिथं एखादी माझ्यासारखी असेल, नकोसं तेच दाखवायला नेमलेली. तिला दिवस बघून गप्प बसवू नका. ती पिवळी झाली नाही तरच घाबरा.

आत्ता मशीन थांबलं. वाफोबानं दार उघडलं, कुपी ठेवलेलं गाठोडं सोडलं, मधली कुपी काढली आणि टेबलावर ठेवली, माझ्यापासून वीतभर अंतरावर. तो हात जोडून उभा आहे. त्यांना निकाल उद्या कळेल. तोवर वर ताई तापानं फणफणत राहील आणि हा पेटीवर हात ठेवून रात्र काढील.

मी तिला हाक मारली. "अगं, ए."

ती बोलली नाही.

मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. "बाई, असलीस तर आत्ताच सांग."

सख्ख्या बहिणीच्या मरणासाठी देव पाण्यात घालून बसलेय मी. कान लावून ऐकतेय. अजून तरी काही आवाज नाही.